रायडिंग मोअर सुरू होत नाही? कार्ब्युरेटर मागवायच्या आधी पेट्रोलचा माग काढा

अमेरिकेत उपनगराच्या टोकाला, एकरभर जागा असलेलं घर घेतलं की घरासोबत गवतही गळ्यात पडतं. ओहायो-मिशिगनकडे एप्रिल-मेमध्ये ते आठवड्यात हातभर वाढल्यासारखं वाटतं. कित्येक गावांत गवत ठरावीक उंचीवर गेलं की नगरपालिकेची नोटीस येते. नेमक्या अशा वेळी हिवाळाभर गराजमध्ये झोपलेला रायडिंग मोअर (वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) बाहेर काढावा, तर किल्ली फिरवल्यावर इंजिन गरगर फिरतं आणि पेटत मात्र नाही. दुकानात न्यावं तर तिथे लग्नसराई चाललेली असते. दोन-तीन आठवड्यांनी या म्हणतात, आणि मोअर उचलून न्यायचे पैसे वेगळे.

मग माणूस व्हिडिओ बघतो, आणि दहापैकी नऊ व्हिडिओ सांगतात की कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, बदला. स्वस्त कार्ब्युरेटर वीस-पंचवीस डॉलरपासून मिळतो, म्हणून लोक बदलतातही. कधी मोअर चालू होतो, कधी होत नाही. झाला तरी टाकीतलं जुनं पेट्रोल आणि आतून सोललेली नळी तशीच राहते, आणि महिन्याभरात नवा कार्ब्युरेटरही चोंदतो. म्हणून सरळ टाकीपासून निघा आणि पेट्रोल जिथून जिथून जातं तिथे तिथे थांबून बघत चला. ज्यांनी लहानपणी घरची चेतक तिरकी करून सुरू केली आहे, प्लग काढून पॉलिश पेपरने घासला आहे, त्यांना यातलं काहीच अवघड नाही.

हा लेख कार्ब्युरेटरवाल्या पेट्रोल इंजिनांसाठी आहे. तुमचं इंजिन ईएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनवालं) असेल तर पहिल्या काही पायऱ्या उपयोगी पडतील, पुढचं काम दुकानाचं.

काय काय लागेल

- प्लग काढायचा पाना (बहुतेक ५/८ किंवा १३/१६ इंची), सॉकेट सेट, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर
- नळी दाबून धरायचा चिमटा
- काचेची स्वच्छ, रुंद तोंडाची बरणी
- कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे
- इनलाइन स्पार्क टेस्टर (पाच-सात डॉलरचा साधा चालतो)
- पेट्रोलसाठीच बनवलेली नळी, बहुतेक इंजिनांना आतून १/४ इंच. त्याच मापाचे क्लॅम्प आणि फिल्टर
- नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, पेट्रोलच्या आगीवर चालणारा अग्निशामक
- इंजिनाचं मॅन्युअल, कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतं

काम बाहेर, मोकळ्या हवेत करा. अनेक घरांत गॅसचा वॉटर हीटर गराजमध्येच असतो आणि त्याची छोटी ज्योत सतत पेटलेली असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत तिथपर्यंत पोचते. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, आणि स्पार्क तपासायचा असेल तेवढा वेळ सोडून प्लगची वायर काढूनच ठेवा.

## १. आधी इंजिनाचा नंबर शोधा

मोअरवर जॉन डियर, हस्कवार्ना, कब कॅडेट काहीही लिहिलेलं असो, इंजिन बहुधा दुसऱ्याच कंपनीचं असतं: ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर किंवा कावासाकी. पेट्रोलचे भाग इंजिनाच्या नंबरावरून मागवायचे, मोअरच्या मॉडेलवरून नाही. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक वेगळं इंजिन बसवलेलं असू शकतं.

ब्रिग्जच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे ठोकलेले असतात. कोडचे पहिले सहा आकडे म्हणजे इंजिन बनल्याची तारीख: वर्ष, महिना, दिवस. सेकंडहँड मोअर घेताना हे फार कामाला येतं, कारण विकणारा 'चार-पाच वर्षं जुना' म्हणतो आणि कोड वेगळंच बोलतो. कोहलरवर स्पेक नंबर शोधा. फोटो काढून फोनमध्ये ठेवा, पुढे दहा वेळा लागेल.

## २. सेल्फ मारण्याआधी ऑइलची डिपस्टिक बघा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. डिपस्टिक काढा, पातळी बघा आणि वास घ्या. ऑइल खुणेच्या बरंच वर आलं असेल, पाण्यासारखं पातळ झालं असेल आणि पेट्रोलचा वास मारत असेल, तर इंजिन अजिबात फिरवू नका. पेट्रोल झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या भागात, उतरलं आहे. अशा ऑइलला वंगणाचा गुण उरत नाही, आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल साठलं असेल तर सेल्फ मारताच पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तीस डॉलरचं काम मग नव्या इंजिनावर जातं.

पेट्रोल तिथे पोचायला दोनच मुख्य वाटा. कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई (तरंगत्या फ्लोटने वर ढकलली जाऊन पेट्रोलची वाट अडवणारी) बंद होत नाही, किंवा पेट्रोल पंपाचा पडदा फाटला आहे. दोन्ही पुढे येतीलच. ऑइल मात्र दोष काढल्यानंतरच बदला, नाहीतर नवं ऑइलही वाया.

## ३. दोष पेट्रोलचाच आहे ना, खात्री करा

रायडिंग मोअरवर सुरक्षेची बटणं ठिकठिकाणी असतात: सीटखाली, ब्रेकच्या पेडलजवळ, पात्यांच्या स्विचला. यातलं एखादं बिघडलं तर स्टार्टर फिरत नाही किंवा स्पार्क येत नाही, आणि आपण बिचाऱ्या पेट्रोलला दोष देत बसतो. स्टार्टरच फिरत नसेल तर हा लेख बाजूला ठेवा. बॅटरी आणि ही बटणं बघा.

स्टार्टर फिरतोय? मग प्लगच्या वायरीत टेस्टर लावून स्पार्क बघा. स्पार्क असेल तर एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात स्टार्टिंग फ्लुइडचा (चटकन पेटणारा स्प्रे, कार्ब्युरेटर क्लीनर नव्हे) एक छोटा फवारा मारा, फिल्टर परत लावा आणि किल्ली फिरवा. इंजिन दोन-तीन सेकंद पेटून बंद पडलं तर निदान झालं: स्पार्क आहे, कॉम्प्रेशन आहे, पेट्रोल पोचत नाही. एवढ्यासाठीच हा स्प्रे. त्याच्या जोरावर रोज इंजिन सुरू करणारे लोक मी पाहिलेत. ते इंजिनाला मारक आहे.

अनेकदा सेल्फ मारल्यावर प्लग काढून बघा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल येत नाही. ओला चिंब असेल तर जास्त येतंय, किंवा येतंय पण पेटण्याच्या लायकीचं नाही.

## ४. टाकीतलं पेट्रोल बरणीत उतरवा

नळीला चिमटा लावा, फिल्टरच्या अलीकडून नळी सोडवा आणि पावभर पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. दहा मिनिटं हलवू नका. मग बरणी उन्हात धरून बघा.

ताजं पेट्रोल पाण्यासारखं स्वच्छ किंवा फिकट पिवळसर दिसतं आणि वास नाकात झोंबतो. जुनं पेट्रोल गडद, चहाच्या रंगाकडे झुकलेलं असतं. त्याला आंबट, व्हार्निशसारखा वास येतो. तळाशी वेगळा थर दिसला, बरणी तिरकी केली की तो एकसंध सरकला, तर ते पाणी. किंवा पाणी आणि इथेनॉल मिळून.

हे होतं कसं? इथे पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, म्हणजे ई-१०. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पाण्याचं प्रमाण साधारण अर्ध्या टक्क्यावर गेलं की इथेनॉल पाण्याला घेऊन पेट्रोलपासून फुटतं आणि तळाशी बसतं. टाकीतून पेट्रोल बाहेर पडायची वाटही तळाशीच, त्यामुळे इंजिनाला आधी तेच मिळतं. एकदा फुटलेलं पेट्रोल कुठलंही औषध घालून परत एकजीव होत नाही. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, ते काढूनच टाकायचं.

इंजिन कंपन्या साधारणपणे सांगतात की स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळं होऊ नये म्हणून घालायचं औषध) न घातलेलं पेट्रोल तीस दिवसांच्या आत वापरा. ऑक्टोबरात भरलेलं एप्रिलमध्ये चालेल अशी आशा धरू नये. टाकी पूर्ण रिकामी करा, तळाचा गाळ पुसा, मग ताजं भरा. जुन्यात नवं मिसळून बघू, हा मोह टाळा.

काढलेलं पेट्रोल गटारात किंवा कुंपणाच्या कडेच्या तणावर ओतू नका. मान्यताप्राप्त लाल कॅनमध्ये ठेवून काउंटीच्या घातक कचरा संकलनाला द्या. त्याच्या तारखा काउंटीच्या वेबसाइटवर असतात.

आता पंपावरचा सापळा. काही पंपांवर 'अनलेडेड ८८' मिळतं (हा आकडा ऑक्टेनचा), बऱ्याचदा नेहमीच्या ८७ पेक्षा स्वस्त. आकडा मोठा आणि भाव कमी, मग आपला माणूस खूश. पण ते ई-१५ असतं. २००१ आणि त्यानंतरच्या गाड्यांना ते चालतं, मोअरसारख्या छोट्या इंजिनांत ते वापरायला कायद्याने बंदी आहे. ई-८५ चा तर विचारही नको. साधं ८७ ई-१० घ्या. जवळच्या पंपावर इथेनॉलविरहित पेट्रोल मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तेच घ्यावं, निदान हंगामाच्या शेवटच्या टाकीला तरी. प्रीमियम भरून मात्र काहीही साधत नाही, या इंजिनांना ८७ पुरतं.

## ५. टाकीचं झाकण

मोअर सुरू होतो, पंधरा-वीस मिनिटं छान चालतो, मग मान टाकतो. थोडा वेळ थांबलं की परत सुरू. असं असेल तर आधी झाकणाकडे बघा.

पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असतं. ते धुळीने आणि गवताच्या भुश्याने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल ओढलं जात नाही. तपासणी सोपी: इंजिन बंद पडल्या पडल्या झाकण फिरवा. 'फुस्स' आवाज येऊन इंजिन लगेच सुरू झालं तर झाकण बदला. झाकण उघडूनही सुरू झालं नाही, तर लगेच, गरम असतानाच स्पार्क बघा. गरम झाल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल (प्लगला स्पार्कची वीज पुरवणारी) अगदी हेच सोंग आणते.

## ६. नळी आणि फिल्टर

नळी बाहेरून ठाकठीक दिसते आणि आतून सोललेली असते. आतला पापुद्रा सुटून झडपेसारखा आडवा येतो. पेट्रोल कधी जातं, कधी अडतं. बोटांनी दाबून बघा. चिकट, लिबलिबीत किंवा कडक होऊन तडे गेलेली असेल तर बदलायची. फिल्टरमध्ये काळे कण दिसले तर ते बहुधा याच नळीचे.

हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक पाण्याची नळी लावू नका. काही आठवड्यांत ती कडक होऊन क्लॅम्पपाशी फुटते, आणि खाली गरम सायलेन्सर असतो. नळीवर 'एसएई ३० आर७' छापलेलं बघून घ्या.

फिल्टर दरवर्षी बदला, पाच-सहा डॉलरची वस्तू. त्यावरचा बाण कार्ब्युरेटरच्या दिशेला हवा. पंप असलेल्या मोअरमध्ये फिल्टर अर्धाच भरलेला दिसतो. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

## ७. पेट्रोल पंप

टाकी कार्ब्युरेटरपेक्षा खाली असेल तर मध्ये छोटा पंप असतो. बऱ्याच मोअरमध्ये तो विजेवर नाही, इंजिनाच्या श्वासावर चालतो: पिस्टन वरखाली होताना क्रँककेसमध्ये दाब बदलतो, तो एका नळीतून पंपापर्यंत पोचतो आणि आतला पातळ पडदा हलवतो. अशा पंपाला तीन नळ्या असतात: पेट्रोल आत, पेट्रोल बाहेर आणि तिसरी ही दाबाची.

तपासायला कार्ब्युरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा. प्लगची वायर काढून, बाटलीपासून लांब, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवा. कुणाला तरी सीटवर बसवून ब्रेक दाबून सेल्फ मारायला सांगा. ठोक्याठोक्याने पिचकारी आली पाहिजे. थेंब थेंब आलं, तर आधी पाचवी-सहावी पायरी नीट झाली आहे ना ते बघा, आणि मगच पंपावर या.

आता दाबाची नळी पंपापासून सोडवा. तिच्यात पेट्रोल सापडलं तर पडदा फाटला आहे, आणि दुसऱ्या पायरीतलं ऑइलमधलं पेट्रोल इथूनच गेलं आहे. पंप बदला. ही नळी नुसती चिरली असेल तरी पंप मरतो, त्यामुळे तिला तडा आहे का तेही बघा.

## ८. सोलेनॉइड: टक् आवाज येतो का?

कार्ब्युरेटरच्या वाटीखाली वायर असलेला नळकांड्यासारखा भाग दिसतो. किल्ली 'ऑन' केली की यातली पिन खाली सरकते आणि मुख्य जेटला (पेट्रोल मापात सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याला) वाट मोकळी होते. किल्ली बंद केली की पिन वर जाऊन वाट अडवते, म्हणजे इंजिन बंद होताना सायलेन्सरमध्ये बार उडत नाही.

शांत जागी किल्ली ऑन-ऑफ करा. टक्, टक् ऐकू यायला हवं. आवाज नसेल तर वायरीत १२ व्होल्ट येतात का बघा, अर्थिंगची वायर गंजलेली नाही ना तेही. बॅटरी अगदी ढेपाळली असेल तर सेल्फ मारताना व्होल्टेज पडून ही पिन सुटते, इंजिन फिरतं पण पेट्रोल मिळत नाही. सोलेनॉइड मेलेला असताना अख्खा कार्ब्युरेटर बदलला जातो, हा या दुरुस्तीतला सर्वांत नेहमीचा फुकटचा खर्च. काही जण पिन कापून टाकतात. कापू नका; बार उडत राहिला तर सायलेन्सर जातो.

## ९. आता कार्ब्युरेटर

इथवर सगळं ठीक असेल तर दोष कार्ब्युरेटरमध्ये. खोलण्याआधी इंजिन काय सांगतंय ते ऐका.

चोक ओढलेला असेपर्यंतच चालतं आणि चोक ढकलला की मरतं: जेट अर्धवट चोंदला आहे. आवाज लयीत वरखाली, वरखाली होत राहतो: बहुधा आयडलचा (इंजिन मंद चालताना लागणारा) बारीक जेट चोंदला आहे, किंवा कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट हवा ओढतंय. काळा धूर आणि पेट्रोलचा उग्र वास: एअर फिल्टर बुजला आहे, चोक पूर्ण उघडत नाही किंवा फ्लोटची सुई गळते. निळसर धूर ऑइलचा असतो, त्यात कार्ब्युरेटरचा दोष नाही.

बऱ्याचदा कार्ब्युरेटर इंजिनावरून काढावाही लागत नाही. नळीला चिमटा लावा, खालचा बोल्ट (किंवा सोलेनॉइडच) सोडवा, वाटी हळूच खाली उतरवा. वाटीच्या तळाशी बघा. पांढरट-हिरवट भुकटी चिकटलेली असेल तर पाण्याने धातू खाल्ला आहे. तपकिरी, डिंकासारखा थर असेल तर जुनं पेट्रोल सुकलं आहे. दोन्ही पुसून, स्प्रे मारून स्वच्छ करा.

मग मधला जेट काढा. पितळेचा असतो, नखाएवढा. उजेडाकडे धरला की भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. कडेला चंद्रकोरीसारखी सावली दिसली तरी चोंदलेलाच समजा. साफ करायला विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार पुरते. ड्रिल बिट किंवा टाचणी घालू नका; पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पिणार. प्रत्येक वाटेत स्प्रे मारून दुसऱ्या टोकाने बाहेर येतो का बघा. नको त्या भोकातून तो सरळ तोंडावर येतो, म्हणून चष्मा घाला.

फ्लोटची सुई काढून टोक बघा. रबरी टोकावर गोल खाच पडली असेल तर बदला. फ्लोट हलवून आत पेट्रोल खळखळतं का तेही ऐका. भोक पडलेला फ्लोट बुडतो आणि वाटी वाहू लागते. वाटीचं गॅस्केट नवं घाला. बोल्ट आवळताना हात सैल ठेवा, खालचा भाग ॲल्युमिनियमचा असतो आणि आटे लगेच मरतात.

कार्ब्युरेटर पूर्ण काढायची वेळ आली तर आधी गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा आणि दांड्यांचे चारही बाजूंनी फोटो काढा. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे नंतर कुणालाच आठवत नाही, आणि चुकीच्या भोकात बसली तर इंजिन बेफाम पळू शकतं.

धातूच खाल्ला गेला असेल तर साफसफाईत वेळ घालवू नका, नवा घ्या. स्वस्त नकली कार्ब्युरेटर चालतात, पण सगळे सारखे नसतात. काहींचं आयडल कधीच नीट बसत नाही. मोअर आणखी सात-आठ वर्षं वापरायचा असेल तर मूळ कंपनीचा, आणि विकायचाच असेल तर स्वस्त, असं माझं सरळ मत आहे.

## १०. हंगाम संपताना

स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलमध्ये घालायचा. शिळ्या पेट्रोलला तो ताजं करत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या टाकीत बाटलीवरच्या मापाने घाला आणि दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे औषध घातलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. किंवा टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. दोन्ही पद्धती चालतात. अर्धी टाकी, औषध नाही आणि सहा महिने थंडीत, एवढं मात्र करू नका.

हेच गावाकडच्या पॉवर वीडरला आणि पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपालाही लागू आहे. भारतात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, म्हणजे ओल शोषायची ताकद इथल्यापेक्षा जास्त. आईबाबांना फोनवर सांगायचंच असेल तर एवढंच सांगा: पेरणी-कोळपणी झाली की टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून तीही कोरडी करा.

एवढं करूनही मोअर पेटला नाही तर दुकान गाठा. जाताना कागदावर लिहून न्या: इंजिनाचा नंबर, स्पार्क आहे की नाही, स्टार्टिंग फ्लुइडवर पेटतो की नाही, पंपातून पिचकारी येते की नाही, कुठले भाग नवे घातले. दुकानं तासावर मजुरी लावतात, आणि यातलं जेवढं तुम्ही तपासून नेलं तेवढं पुन्हा तपासायचे पैसे वाचायची शक्यता वाढते.